एकाच शाफ्टवर

नवतपाचा चौथा दिवस. तांडापेठेत भर दुपारी
कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही.
कूलरच्या टाकीत बादलीभर पाणी ओतून आले
आणि टेबलावरच्या हिरव्या बोर्डाला बोट लावलं,
चटकन मागे घेतलं.
बाहेर सेहेचाळीस. आत, त्या टिकलीएवढ्या चिपवर, त्र्याऐंशी.

चार कोअर आहेत तिच्यात, घड्याळ मात्र एकच.
एकाला घाई झाली की चौघांनी पळायचं,
हे सिलिकॉननेच ठरवून टाकलेलं.
कर्नलने फक्त चौघांच्या मागण्या ऐकायच्या
आणि सगळ्यात मोठी उचलायची.
चढताना आधी व्होल्टेज, मग घड्याळ,
उतरताना आधी घड्याळ.
क्रम चुकला तर बोर्ड तक्रार करत नाही,
नुसता थिजतो.

जेवताना बाबांना सांगितलं.
भाकरीचा तुकडा हातातच राहिला त्यांच्या.
"म्हंजे आमचा शाफ्टच होय ना हा!"
छताखाली लोखंडी शाफ्ट, टोकाला मोटर,
खाली चार माग, चार पट्टे.
भैय्याजी हेडाऊला लुगडी संपवायची घाई
की सेठ मोटर वाढवायचा,
आणि शेजारच्या मागावर तुटलेल्या सुताला गाठ मारणारा
भैय्याजीच्या सात पिढ्या काढायचा.
रिकाम्या मागाचा पट्टाही फिरतच राही,
हवा विणत.
"अन् बिजलीचं बिल सेठ साऱ्याइच्या मजुरीतून कापे."

माझं दुखणं मात्र वेगळं होतं.
बोर्डावर काहीच चालू नव्हतं
तरी घड्याळ अठराशे मेगाहर्ट्झवर अडकलेलं.
तीन रात्री ट्रेस चाळला,
तांदळातले खडे वेचावेत तशा ओळी.
कोअर शून्य: निवांत.
एक: निवांत.
तीन: मधूनच कूस बदलल्यासारखा.
आणि दोन नंबरचा, गाढ झोपलेला,
झोपण्याआधी त्याने जे मागितलं होतं
ते तसंच राहिलं होतं त्याच्या नावावर.
गव्हर्नर दर वेळी हिशेब करी,
दर वेळी तीच मागणी सर्वांत मोठी निघे.
मागणारा जागा आहे का,
हे विचारायचं कुणी लिहिलंच नव्हतं.
म्हणजे मी लिहिलं नव्हतं.

चार ओळी घातल्या.
मागणी एका टिकपेक्षा जुनी असेल
आणि मागणारा निजलेला असेल, तर ती धरू नये.
घड्याळ सहाशेवर उतरलं,
पारा एकसष्टवर.
रात्री दीडला सुकेशनीचा पुण्याहून मेसेज:
ठीक आहे, पण तो उठेल तेव्हा
पहिल्या क्षणाला त्याला काय देणार?
उत्तर न देता आडवी झाले.

सव्वापाचला बाबा उठले.
कारखाना भंगारात जाऊन एकवीस वर्षं झाली,
मोटर गेली, शाफ्ट किलोच्या भावाने गेला,
पहिली पाळी तेवढी राहिली.
नळाची तोटी, बादली, गॅसचा लायटर
चारदा, पाचदा.
मिहानची रात्रपाळी करून नुकताच पडलेला गुणवंत
उशीत तोंड खुपसून म्हणाला, "काऊन जी बाबा..."
आई उठली. मी उठले.
साऱ्या घराचं घड्याळ
एका न वाजणाऱ्या भोंग्यावर चढलं.

ही चूक मी ओळखते, मनात म्हटलं.
दुरुस्ती अजून स्क्रीनवर उघडीच आहे.

बाबांनी कप पुढे केला.
काल चष्मा चढवून माझ्या खांद्यावरून
किती तरी वेळ ते त्या ओळींकडे बघत होते.
"सापडलं का, कुठं तुटलं होतं?"
"सापडलं."
"मंग गाठ बारीक मारजो.
कापडात दिसली नाई पायजे."

चहा पिऊन बसले.
चार ओळींच्या तीन केल्या.
सुकेशनीला अजून काही लिहिलेलं नाही.